तुम्ही विचारलंत म्हणून: मग ते दोघं पळून का जात नाहीत?

फसणाऱ्या प्रेमाची कादंबरी नाशिकमध्ये घडवायची तर जागेचा उपयोग कसा करायचा, असं नवे लिहिणारे नेहमी विचारतात. माझ्या मते वाचकाला एकच शंका येते: एवढं आहे तर पळून का जात नाहीत? तिचं उत्तर जागेने द्यावं. पात्रं द्यायला लागली की रडगाणं सुरू होतं.

नाशिक या बाबतीत अवघड. सकाळी नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेस पकडली की दुपारच्या आत मुंबई. मग अडवणार कोण?

गोदावरीवरचं रामकुंड नको. तिथे श्राद्धं, अस्थिविसर्जन, यात्रेकरू आणि हमखास कुणीतरी ओळखीचं. चोरून भेटायला तिथे जाणारी नाशिककर मुलगी मला तरी पटत नाही. शेवटाला गोदावरीचा पूर आणायचा मोहही आवरा. गंगापूर धरणातून पाणी सोडणार हे आधी कळतं, सराफ बाजार, भांडी बाजारातले दुकानदार माल हलवतात, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं ते लोक बघत असतात. पूर वापरायचाच तर हे मधले तास वापरा: ती वाट बघतेय आणि तो बापाचं दुकान रिकामं करतोय.

खरा अडसर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत आहे. ऑक्टोबर छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून मजुरांची टोळी येते. काम उक्तं, मजुरी एकरावर, त्यामुळे एक बाग उरकली की मुक्काम हलतो. बागायतदाराचा मुलगा आणि टोळीतली मुलगी यांची गाठ कामानेच पडते, कामानेच तुटते. बाग छाटली की लगेच काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतात तिथे, पेस्ट, मग फुटवे काढणं, विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं. या सगळ्याला पुन्हा टोळीचे हात लागतात, म्हणजे भेटी आयत्या मिळतात. पण फुलोऱ्यात पाऊस झाला की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, घड गळतात. फवारणी दोन दिवस चुकली तर वर्ष गेलं. औषधं उधारीवर, पैसा एकदाच, काढणीला. तोही व्यापारी बुडवून पळाला नाही तर.

आता हिशेब मांडा. ती असते तेव्हा त्याच्या हातात पैसा नसतो आणि बाग सोडता येत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पैसा येतो तेव्हा टोळी गेलेली असते. जात, घर, आईचा आकांत हे सगळं आहेच, ते लिहायला कोणी शिकवावं लागत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीला, म्हणजे काढणीनंतरच्या छाटणीला, पुन्हा टोळी लागते. तीत ती आहे की नाही, हे तुम्ही ठरवा.

जानेवारीत निफाडला पारा उतरला की बागेत रात्री शेकोट्या पेटवतात. हा प्रसंग सगळ्यांनाच हवा असतो, फक्त एवढं लक्षात ठेवा की शेकोटीपाशी बसलेली माणसं लांबूनही दिसतात.

मसुदा तपासताना प्रत्येक भेटीपुढे तीन गोष्टी लिहा: कोणाची नजर चुकवली, वेळ किती मिळाला, कोणतं काम टाकून आला. तिसरी जागा कोरी राहिली तर तो प्रसंग पुण्यातही चालेल, काढून टाका.

आणि काळ ठरवून घ्या. मोबाइल आल्यावर टोळी गेली म्हणून माणूस हरवत नाही. गोष्ट १९९० च्या दशकात ठेवलीत तर फोन गावातल्या एसटीडी बूथवरून होईल, आणि बूथवाला टोळीच्या मुकादमाचा ओळखीचा निघेल.