वाकून बघणारी माणसं

दातांच्या डॉक्टरांकडे बसले होते. दुपारचे साडेतीन. माझ्या आधी दोन नंबर, त्यातल्या एकाचं रूट कॅनाल चालू, म्हणजे तासाभराची निश्चिंती. पिशवीतून पुस्तक काढलं. चार-पाच पानं झाली असतील, तेवढ्यात समोरच्या बाकावरचे काका चपलेचा पट्टा लावायला खाली वाकले. बराच वेळ वाकलेलेच. मग मान आणखी थोडी तिरकी झाली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, काकांच्या पायात अंगठ्याची चप्पल होती. तिला कसला आलाय पट्टा?

हा आजार मी लांबूनही ओळखते, कारण तो मलाही आहे. लोकलमध्ये कुणाच्या हातात पुस्तक दिसलं की त्याचं नाव वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. एकदा एक बाई गाडीत पुस्तक असं काही मांडीवर पालथं धरून बसली होती की नाव दिसेना. ठाण्याला उतरायचं ते मी कळव्याला उतरले. पुस्तक निघालं आयकराचं गाइड. तरी परतीच्या गाडीत एक प्रकारचं समाधान होतंच.

काकांना तेवढंही मिळालं नाही. माझ्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर होतं. त्यांना दिसली असेल ती लासलगावच्या कांद्याच्या भावाची अर्धी बातमी आणि खाली एक ‘वधू पाहिजे’. शेवटी ते सरळ झाले आणि रीतसर विचारते झाले, “काय वाचताय सध्या?”

“इतिहासाचं आहे जरा,” मी म्हणाले.

“वा! कुठला काळ?”

“पेशवाई.”

“पूर्वार्ध की उत्तरार्ध?”

“मधला,” मी म्हणाले.

मांडीवर काळा पहाड होता. बाबूराव अर्नाळकरांचा. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिलेल्या माणसाला मी एका परक्या काकांसमोर पेशवाईच्या मधल्या काळात लपवलं. का, ते मला अजून सांगता येत नाही. ‘काय जेवलात?’ असं कुणी विचारलं तर आपण पिठलं-भात सांगतो, लाजत नाही. ‘काय वाचताय?’ म्हटलं की मात्र शोकेसमधल्या कपबशा बाहेर निघतात.

शिवाय ‘सध्या’ या शब्दाचाही घोटाळा आहेच. उशाशी एक जाडजूड चरित्र आहे, त्यात गुढीपाडव्यापासून चाळिसाव्या पानावर वीजबिल खोचलेलं आहे. पिशवीत एक असतं. मैत्रिणीनं ‘वाचच’ म्हणून दिलेलं एक फ्रिजवर आहे, ते दिसलं की मी नजर चुकवते. सगळ्यात मन लावून काय वाचते म्हणाल, तर गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकातलं राशिभविष्य. ते आता खरं झालं की नाही हे ताडून बघता येतं. ह्यातलं ‘सध्या’ कुठलं?

आमच्या ऑफिसात १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो. अब्दुल कलामांचा जन्मदिवस. २०१५ पासून तो राज्यभर साजरा होतो, म्हणून आमच्याकडेही. फोटोला हार, समोसे आणि मग प्रत्येकानं उभं राहून सध्या काय वाचतोय ते सांगायचं. पहिल्या वर्षी चौदा जणांपैकी सहा जण कलामांचं आत्मचरित्र वाचत होते. पाच जण कर्णावरची कादंबरी. ती १९६७ सालापासून महाराष्ट्रात कुणी ना कुणी सध्या वाचत असतोच. सगळ्यात शेवटी अकाउंट्समधले एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, “मी रेल्वेचं टाइमटेबल वाचतो.” लोक हसले. ते नाही हसले. कुठली पॅसेंजर कुठल्या स्टेशनात कुणासाठी बाजूला काढून ठेवतात, ती तिथे किती मिनिटं उभी राहते, आणि त्या मिनिटांत तिथे चहा मिळत असेल का, हे त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की समोसे गार झाले. त्या हॉलमध्ये खरं बोललेला तेवढा एक माणूस. पुढच्या वर्षीपासून साहेबांनी ‘पुस्तकच सांगावे’ अशी सूचना काढली.

माझ्या लहानपणी मात्र लपवायची सोयच नव्हती. आमचं तालुक्याचं गाव, आणि बाजारपेठेच्या तोंडाशी वरच्या मजल्यावर वाचनालय. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, नाशिकचं १८४० चं. आमचं इतकं थोर नव्हतं, पण जिन्याच्या पायऱ्या तेवढ्याच जुन्या वाटत. बाहेर पाटी होती : ‘शासनमान्य ब वर्ग’. १९६७ च्या कायद्याखालच्या नियमांनी ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडलेत हे मला फार पुढे कळलं. तेव्हा वाटायचं, ही ‘ब’ तुकडी आहे, कुठेतरी हुशार पुस्तकांची ‘अ’ तुकडी असणार आणि आपल्याला तिथे घेत नाहीत.

तर तिथले लेखनिक. त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे आपणही हळू बोलतो असा त्यांचा समज होता. पुस्तक पुढे केलं की ते नंबर आणि नाव मोठ्यानं म्हणत वहीत लिहीत. “आठ हजार चारशे बारा, झुंजार!” मागे रांगेत गणिताचे सर. “कालचंच झालं का गं वाचून?” हे आणखी वरून. अख्ख्या गावाला कोण काय वाचतंय ते संध्याकाळी सहाला कळलेलं असे.

आईची वर्गणी दोन पुस्तकांची होती. ती वर एक संतचरित्र ठेवी आणि खाली प्रेमकथा. लेखनिक वरचं नाव ओरडून लिहीत, तेवढ्यात ती मोठ्यानं त्यांच्या सुनेची चौकशी करी. खालचं नाव सुनेच्या बाळंतपणात बुडून जाई. माझ्या अर्नाळकरांना मात्र असलं संरक्षण नव्हतं. घरी आले की आई पुस्तक दोन बोटांत धरून म्हणे, “असलं वाचून डोकं फिरतं.” शेजारणीला सांगे, “पोर आणते काहीबाही, आता करता काय!” तरी परत करून ये असं मात्र कधी म्हणाली नाही. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

आईची एक खूण होती. वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून ती सतराव्या पानावर, पानाच्या आकड्याखाली, पेन्सिलीनं एक टिंब देई. इतकं बारीक की मोहरीनं लाजावं. ही कल्पना तिनं वाचनालयाकडूनच उचलली होती. ग्रंथालयं पहिल्या पानावर शिक्का मारतात तसा आत एका ठरलेल्या पानावरही मारतात, म्हणजे चोरानं पहिलं पान फाडलं तरी पुस्तक कुणाचं ते कळावं. आमच्याकडे तो पंचविसाव्यावर असे. आईनं सतरावं धरलं. आणखीही खुणा असत. कुणी आकड्याभोवती गोल काढी, कुणी काटकोन, कुणी एक जण हिरव्या शाईनं ‘ग.’ लिही. हा ग. कोण ते मी शाळा संपेपर्यंत शोधत होते. तो माझ्या आधी सगळं वाचून मोकळा झालेला असे, आणि एकदा तर त्यानं पहिल्याच पानावर ‘खुनी डॉक्टर’ असं लिहून ठेवलं होतं. माणूस सापडला असता तर मी काय केलं असतं सांगत नाही.

गेल्या दिवाळीत गावी गेले तेव्हा वाचनालय नव्या इमारतीत गेलेलं. पुस्तकांना बारकोड आलेत. कोण काय वाचतंय ते आता यंत्राला कळतं, ते एक बारीक ‘पीक’ करून गप्प बसतं. दाराशी बाद केलेल्या पुस्तकांचा ढीग होता, दहा रुपयाला एक. मी त्यातून अकरा अर्नाळकर उचलले. कणे मोडलेले, म्हणून घरी आल्यावर कव्हरं घातली.

तर दातांच्या डॉक्टरांकडे, पेशवाईचा मधला काळ सांगून झाल्यावर, काकांची नजर टाळायला मी पुस्तकात तोंड खुपसलं. पान सतरा. आकड्याखाली टिंब.

घरी आले ते अर्धं तोंड बधिर घेऊन. आधी बाकीची दहा खाली काढली. मग आईला फोन लावला. ती आता ब्याऐंशीची आहे, एक डोळा मोतीबिंदूचा करून झालाय, दुसरा दिवाळीनंतर.

“आई, तू अर्नाळकर वाचायचीस?”

“कोण बोलतंय? तोंडात काय आहे तुझ्या?”

“दाताचं इंजेक्शन. सतराव्या पानावर टिंबं आहेत तुझी. मी शाळेत गेल्यावर वाचायचीस ना?”

“छे गं. माशी बसली असेल.”

“अकरा पुस्तकांपैकी नऊ पुस्तकांत? सतराव्याच पानावर?”

“माशांचं काही सांगता येत नाही.”

मग थोडा वेळ नुसता तिच्या पंख्याचा आवाज येत राहिला.

“उरलेली दोन कुठली गं?” ती म्हणाली.