तुम्ही विचारलंत म्हणून : सॅम्युअल स्लेटर चोर होता का?

कापडगिरण्यांच्या इतिहासावर बोलायला उभा राहिलो की एक प्रश्न ठरलेला. ‘‘सर, इंग्लंडची मशीनं चोरणाऱ्या स्लेटरला अमेरिका उद्योगाचा जनक कसं काय म्हणते?’’

आधी चोरीचं बघू. सॅम्युअल स्लेटर डर्बीशरमधल्या बेल्परचा. जेडेडाया स्ट्रटच्या गिरणीत उमेदवारी करून तयार झाला आणि १७८९ मध्ये, एकविशीत, गुपचूप अमेरिकेच्या जहाजात बसला. कारागिरांनी देश सोडायला आणि यंत्रं बाहेर न्यायला तेव्हा बंदी होती. म्हणून नकाशा-बिकाशा काही नाही, सगळं डोक्यात. कायदा मोडला, हे खरंच. पण ज्या रिचर्ड आर्कराइटची ही सूत कातायची यंत्रं, त्याची पेटंटं इंग्लंडच्याच कोर्टानं १७८५ मध्ये रद्द केली होती. मग चोरी कुणाची? बेल्परवाले त्याला गद्दार म्हणत. ते एक वेळ समजू शकतो.

शिवाय नुसतं पाठ असून सूत निघत नाही. ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटला मोझेस ब्राउन या व्यापाऱ्यानं घेतलेली यंत्रं धड चालत नव्हती. स्लेटरनं नव्यानं बांधायला घेतली. लोखंडकामाला ओझिएल विल्किन्सन, सुतारकामाला सिल्व्हेनस ब्राउन. तरी कार्डिंगला, म्हणजे कातण्याआधी कापूस विंचरायच्या कामाला, घोडं अडलं. कापूस सुटून यायच्या ऐवजी तारांच्या दातांवरच गुंडाळायचा. हे दात ज्या चामड्यात बसवलेले, त्यातली भोकं हातानं पाडलेली, सैल. त्यामुळे दात मागे झुकायचे. शेवटी धारेच्या दगडाचा तुकडा घेऊन दात ठोकून वाकवले, तेव्हा गाडी रुळावर आली, असं सांगतात. डिसेंबर १७९० मध्ये पाण्याच्या जोरावर चात्या फिरू लागल्या.

त्यांच्यावर कामाला होती ९ पोरं, वय ७ ते १२. याबद्दल मला कुणीच विचारत नाही! पुढे अख्खं कुटुंबच गिरणीच्या वस्तीत आणून ठेवायची पद्धत त्यानं रुजवली : करार बापाशी, मशीनवर पोरं. त्याच पोरांसाठी रविवारची शाळाही काढली, हेही सांगायला हवं. मोझेस ब्राउन तर गुलामगिरीविरुद्ध झटणारा, क्वेकर या ख्रिस्ती पंथातला. पण गिरण्या वाढल्या तशा त्या दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेल्या कापसावरच पोसल्या गेल्या.

जनक म्हणा, माझी हरकत नाही. पण पुढचंही ऐका. त्याच पॉटकेटमध्ये १८२४ साली मालकांनी रोजचं काम एका तासानं वाढवलं आणि विणकर बायकांची मजुरी चौथ्या हिश्शानं कापायची ठरवली. बायका माग सोडून रस्त्यावर आल्या. अमेरिकेतला गिरणीचा पहिला संप म्हणतात तो हाच.