ऑरलँडोत मुक्काम कुठे करावा: डिस्नीच्या आत की बाहेर?

मंडळी सहा. न्यू जर्सीतलं चौकोनी कुटुंब आणि पुण्याहून आलेले आजी-आजोबा. मुक्काम दोन ठिकाणी: आधी ऑरलँडोलगतच्या किसिमीतलं भाड्याचं घर, नंतर डिस्नीच्या हद्दीतलं हॉटेल. अमेरिकेतल्या मराठी घरांतून ऑरलँडोची सहल बहुतेक अशीच निघते, भारतातून आई-बाबा आले की. म्हणून हा वृत्तांत त्याच हिशेबाने लिहिलाय. दोघंच जाणार असाल किंवा मुलं कॉलेजात असतील तर यातलं निम्मं तुमच्या कामाचं नाही.

मुक्काम ठरवताना सगळे आधी रात्रीचं भाडं बघतात. ते बघायचंच, पण त्याआधी एक प्रश्न सोडवा: दुपारी खोलीवर परत येता येईल का? पार्क सकाळी नऊच्या आसपास उघडतं आणि आतषबाजी रात्री नऊ-दहाला. मे ते सप्टेंबर फ्लोरिडाचं ऊन मुंबईच्या मे महिन्यासारखं दमट, आणि दुपारी दोन-तीननंतर गडगडाटासह पाऊस जवळपास रोजचा. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड बंद होतात. लहान मूल आणि गुडघेदुखीवाले आजोबा बारा तास सलग काढत नाहीत. साडेबाराला निघून जेवून, झोपून पाचला परतलं तरच रात्रीची आतषबाजी बघायला जीव उरतो. ही दुपार ज्या मुक्कामात साधते तो आपला मुक्काम.

आता "डिस्नीपासून १० मिनिटं" या जाहिरातीबद्दल. डिस्नी वर्ल्डची जागाच सुमारे १०० चौरस किलोमीटर आहे. घरमालक अंतर मोजतो ते हद्दीच्या कडेपर्यंत. त्यामुळे नकाशात "डिस्नी वर्ल्ड" न टाकता "ट्रान्सपोर्टेशन अँड टिकेट सेंटर" टाका, म्हणजे डिस्नीच्या मॅजिक किंगडम या पार्कचं गाडीतळ, आणि वेळ सकाळी आठची निवडा. दुपारी शांतपणे अंतर बघितलं तर आय-४ महामार्गाची सकाळ-संध्याकाळची कोंडी दिसतच नाही. विंडसर हिल्ससारख्या वसाहती खरंच जवळ आहेत. डेव्हनपोर्टकडची घरं स्वस्त नि ऐसपैस असतात, पण तिथून आय-४ धरलात तर रोजची सकाळ रस्त्यावर जाते. ४२९ हा टोलरस्ता घेऊन वेस्टर्न वेने पश्चिमेकडून आत शिरा. टोलचे पैसे जातात, पण वेळ हातात राहतो.

चार पार्कांपैकी तिघांच्या बाबतीत बाहेर राहण्याने फारसं बिघडत नाही. एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज, ॲनिमल किंगडम: गाडी लावली, ट्रॅम किंवा पाच-दहा मिनिटं चालणं, की फाटक. खरी गोम मॅजिक किंगडमला आहे. तिथे गाडी फाटकापाशी जातच नाही. गाडीतळावर गाडी लावायची, ट्रॅमने किंवा चालत टिकेट सेंटरला यायचं, सुरक्षा तपासणी, मग तळ्यापलीकडे न्यायला फेरीबोट नाहीतर मोनोरेल, आणि मग फाटक. गर्दीच्या दिवशी गाडी लावल्यापासून आत पाऊल पडेपर्यंत पाऊण तास धरावा. परतीला हेच उलट्या क्रमाने, वर आतषबाजी संपल्यावर सगळं पार्क एकदम बाहेर पडतं. दुपारी घरी जाऊन यायचं म्हटलं तर हा फेरा दोनदा. किसिमीच्या घरून कागदावर जमतं. प्रत्यक्षात घरी पोचून चहा टाकेपर्यंत परत निघायची वेळ होते.

डिस्नीच्या हॉटेलांच्या बस मात्र टिकेट सेंटर टाळून थेट मॅजिक किंगडमच्या फाटकापाशी सोडतात. कंटेम्पररी हॉटेलातून तर चालत जाता येतं. त्याचे पैसेही तसेच लागतात. स्वस्तातल्या ऑल-स्टार हॉटेलांतल्या माणसालाही फाटकापर्यंतची बस मिळते, आणि बाहेरच्या आलिशान बंगल्यातल्याला मिळत नाही. आम्ही आतला मुक्काम मॅजिक किंगडमच्या दिवसांना जोडला तो यासाठीच.

गाडीने गेलातच तर दोन गोष्टी. रांगेच्या नावाचा आणि नंबरचा फोटो काढा. तळाचे भाग डिस्नीच्या नायक-खलनायकांच्या नावांनी आहेत, आणि रात्री अकराला "सिंबा होता की जाफर" यावर एकमत होत नाही. दुसरं, परतताना मोनोरेलची रांग उताराच्या खालपर्यंत आलेली दिसली तर फेरीकडे वळा. बोट एका खेपेला पुष्कळ माणसं नेते.

आत राहण्याचा दुसरा फायदा सकाळचा. डिस्नीच्या सगळ्या हॉटेलांतल्या पाहुण्यांना चारही पार्कांत रोज अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. स्वान, डॉल्फिन आणि डिस्नी स्प्रिंग्जजवळच्या काही हॉटेलांनाही तो आहे, पण बुक करताना त्या वर्षापुरतं लागू आहे ना हे हॉटेलच्या पानावर बघून घ्या. पार्क ९ ला उघडत असेल तर हा प्रवेश ८:३० ला, म्हणजे फाटकापाशी ८ ला हजर. साडेआठला पोचणाऱ्याला फक्त लांब रांगेचं शेपूट मिळतं. या अर्ध्या तासात एकच मोठी राइड पकडा: मॅजिक किंगडममध्ये सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन, हॉलिवूड स्टुडिओजमध्ये स्लिंकी डॉग डॅश, ॲनिमल किंगडममध्ये फ्लाइट ऑफ पॅसेज. मॅजिक किंगडममध्ये या वेळेला फक्त फँटसीलँड आणि टुमॉरोलँड उघडे असतात, तेव्हा तिसरीकडे धावू नका. आणि घरातलं कोणी सकाळी नऊच्या आत अंथरूण सोडत नसेल तर या फायद्याचे पैसे मोजू नका.

इथे एक बारकावा आहे, तो फार थोडे वापरतात. हा लवकरचा प्रवेश चेक-इनच्या दिवशी सकाळपासून चालतो, खोली दुपारी तीनला मिळाली तरी, आणि चेक-आउटच्या दिवशीही चालतो. म्हणजे एका रात्रीच्या भाड्यात दोन सकाळी. सामान हॉटेलच्या बेल सर्व्हिसकडे ठेवायचं आणि थेट पार्क गाठायचं. आठवडाभर आत राहणं परवडत नसेल तर मॅजिक किंगडमचे दोन दिवस धरून मध्ये एक रात्र आत काढा.

लायटनिंग लेन म्हणजे पैसे भरून छोट्या रांगेने जायची सोय. जुलै २०२४ पासून तिच्या वेळा आधीच राखून ठेवता येतात: डिस्नीच्या हॉटेलात उतरणाऱ्याला चेक-इनच्या ७ दिवस आधीपासून सगळ्या मुक्कामाच्या, बाहेरच्याला प्रत्येक पार्कदिवसाच्या ३ दिवस आधी. खिडकी तिथल्या सकाळी ७ ला उघडते. पुण्याहून कोणी भाऊ-मावशी तुमच्यासाठी हे काम करणार असेल तर उन्हाळी वेळेत भारतात दुपारचे ४:३० वाजलेले असतात, हिवाळ्यात ५:३०. स्लिंकी डॉगसारख्या राइडच्या सकाळच्या वेळा आतले लोक चार दिवस आधीच उचलून गेलेले असतात. बाहेर राहणाऱ्यांनी त्या वेळांच्या मागे न लागता ॲनिमल किंगडम किंवा एपकॉटच्या दिवशी पैसे वाचवावेत.

भाड्याच्या घराची मजा वेगळी, आणि मराठी कुटुंबाला ती स्वयंपाकघरामुळे. सहा माणसांनी तीन वेळा पार्कात खाल्लं की बिल पोटात गोळा आणतं, आणि शाकाहारी आजींना तिसऱ्या दिवशी चीज पिझ्झा दिसला तरी नको होतो. घरी सकाळी पोळ्या, संध्याकाळी वरणभात. पण घरात काय नसतं ते ऐका. तवा असतो तो नॉनस्टिक फ्रायपॅन. पोळपाट-लाटणं, कुकर, चाळणी यांतलं काहीही नसतं. लहान कुकर सामानात टाका. भारतातला मिक्सर आणू नका: तिथे वीज १२० व्होल्टची, तो नीट फिरणार नाही. शेगडी बहुधा विजेची कॉइलची. ती तापायला वेळ घेते आणि बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, त्यामुळे दूध उतू जातं आणि मोहरी करपते. वरचा पंखा मायक्रोवेव्हच्या पोटात असतो. तो पुष्कळ घरांत धूर बाहेर न टाकता गाळून परत खोलीत सोडतो. परिणाम: हिंग-मोहरीची फोडणी पडली की छतावरचा स्मोक अलार्म किंचाळायला लागतो. फोडणी देण्याआधी स्वयंपाकघराला लागून असलेली अंगणाची सरकती काच उघडा, तेल कमी तापवा, झाकण हाताशी ठेवा. अलार्मला प्लास्टिकची पिशवी गुंडाळणं हा उपाय नाही. ते धोक्याचं आहे आणि मालक दंडही लावू शकतो.

किराणा यूएस-१९२ वरच्या वॉलमार्ट आणि पब्लिक्समधून. तूरडाळ, कणीक, फ्रोझन पोळ्या हव्यात तर ऑरलँडोच्या साऊथ ऑरेंज ब्लॉसम ट्रेलवर भारतीय दुकानं आहेत. विमानतळावरून येतानाच वाट वाकडी करा, नंतर जाणं होत नाही. डिस्नीच्या पार्कात घरचा डबा नेता येतो, काचेचं भांडं आणि सुटा बर्फ सोडून. पोळीचे रोल, ठेपले, दशम्या उत्तम टिकतात. युनिव्हर्सल, म्हणजे ऑरलँडोतली दुसऱ्या कंपनीची पार्कं, या बाबतीत कडक आहे, तिथे सुका खाऊ इतपतच.

आत राहून हॉटेलात स्वयंपाक करायचा विचार सोडा. ऑल-स्टारच्या खोलीत छोटा फ्रिज असतो, मायक्रोवेव्ह खाली फूड कोर्टात. खोली चौघांची (तीन वर्षांखालचं बाळ वेगळं मोजत नाहीत), त्यामुळे सहा जणांना दोन खोल्या लागतात. दोन्ही शेजारी-शेजारी मिळाव्यात अशी विनंती करता येते, हमी नसते. आजी-आजोबा वेगळ्या मजल्यावर गेले तर सगळी सकाळ फोनाफोनीत जाते. सहाजणांना एकत्र ठेवणाऱ्या जागा म्हणजे आर्ट ऑफ ॲनिमेशनचे फॅमिली स्वीट, दोन न्हाणीघरं आणि मायक्रोवेव्हसकट, किंवा फोर्ट विल्डर्नेसच्या केबिन, ज्यांत पूर्ण स्वयंपाकघर आहे. आर्ट ऑफ ॲनिमेशनहून एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला स्कायलायनर, म्हणजे रोपवे, जातो. विजा चमकल्या की तो थांबतो. तेव्हा बसची वाट बघत उभं राहायची तयारी ठेवा. जिभेला एक दिवस भारतीय चव हवी असेल तर ॲनिमल किंगडम लॉजमधल्या सना या उपाहारगृहात नान-रोट्या आणि चटण्यांचं ताट मिळतं, खिडकीबाहेर जिराफ चरताना दिसतात. टेबल आधी राखून ठेवा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. डिस्नीच्या हॉटेलवाल्यांना चेक-इनच्या ६० दिवस आधी मुक्कामातल्या १० दिवसांपर्यंतची टेबलं एकदम धरता येतात.

भाड्याची तुलना करताना घराच्या रात्रीच्या दराला फसू नका. साफसफाईचं शुल्क मुक्कामामागे एकदाच लागतं, म्हणून तीन रात्रींना घर महाग पडतं आणि सात रात्रींना स्वस्त. तरणतलाव तापवायचे पैसे दिवसागणिक वेगळे, आणि डिसेंबर-फेब्रुवारीत न तापवलेल्या पाण्यात मुलं पाय घालत नाहीत. हे आधीच सांगून ठेवावं लागतं. १२ मे २०२५ पासून अमेरिकेत सक्तीची शुल्कं पहिल्या दाखवलेल्या किमतीतच धरायचा नियम आहे, पण कर त्यात नसतो. तो ऑरेंज काउंटीत १२.५ टक्के, ऑसिओला काउंटीत, म्हणजे किसिमीकडे, १३.५ टक्के. बाहेरून येणाऱ्याला डिस्नीच्या पार्कात गाडी लावायला दिवसाचे पैसे पडतात, आतल्या पाहुण्याला मोफत. एकदा भरले की त्या दिवशी चारही पार्कांत चालतात. बाहेरच्या हॉटेलांच्या "मोफत शटल"वर भिस्त ठेवू नका. दिवसाला मोजक्या फेऱ्या, वाटेत आणखी चार हॉटेलं, आणि मॅजिक किंगडमला गेली तरी सोडते टिकेट सेंटरलाच.

गाडीचंही थोडं. विमानतळ ते डिस्नी हॉटेल ही मोफत बससेवा जानेवारी २०२२ मध्ये बंद झाली. जुने लेख वाचून तिची वाट बघू नका. बाहेर राहणार तर भाड्याची गाडी हवीच. न्यू जर्सीचा ई-झेडपास, म्हणजे टोल आपोआप भरणारं यंत्र, फ्लोरिडातल्या टोलरस्त्यांवर चालतो. तो सोबत न्या, भाड्याच्या गाडीचा नंबर खात्यात चढवा, काचेवरच्या कंपनीच्या टोलयंत्राची डबी बंद करून ठेवा, आणि गाडी परत केली की नंबर काढून टाका; नाहीतर पुढच्या माणसाचा टोल तुमच्या खात्यातून जाईल.

युनिव्हर्सलचा हिशेब उलटा आहे. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत खोलीतल्या प्रत्येकाला एक्सप्रेस पास, म्हणजे छोट्या रांगेने जायची सोय, भाड्यातच मिळतो, चेक-इन आणि चेक-आउट या दोन्ही दिवसांसाठी. चार-पाच जणांना दोन दिवसांचे एक्सप्रेस पास वेगळे घ्यायची किंमत काढा आणि एका रात्रीच्या भाड्याशी ताडून बघा. गर्दीच्या आठवड्यात खोली स्वस्त पडलेली दिसते. मात्र २२ मे २०२५ ला उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या युनिव्हर्सलच्याच नव्या पार्कमध्ये हा पास चालत नाही. तिथे जायचं असेल तर तो दिवस वेगळा काढा.

क्रम कसा लावायचा? आधी घर, शेवटी डिस्नी. विमानाचा शीण, भारतातून आलेल्यांचा जेटलॅग, किराणा, धुणं आणि युनिव्हर्सल हे सगळं घरातून. घर सोडायची वेळ सकाळी दहाची असते. तो दिवस पार्कचा असला तर सामान गाडीत रात्रीच भरा आणि सकाळी आधी डिस्नीच्या हॉटेलात टाका. खोली पॅकेजशिवाय घेतली तर एक रात्रीची आगाऊ रक्कम भरावी लागते. ऑनलाइन बुकिंग ६ दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर ती पूर्ण परत मिळते. घरांच्या अटी याहून पुष्कळ कडक असतात. म्हणून आजी-आजोबांच्या व्हिसाची तारीख पक्की होईपर्यंत हॉटेल धरून ठेवा आणि घराचे पैसे सगळ्यात शेवटी भरा.