भावाला मर्जीविरुद्ध भरती करताना

नुसतं 'फार त्रास देतो' म्हणून कुणाला मनोरुग्णालयात त्याच्या मर्जीविरुद्ध ठेवून घेत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ८९ आजार गंभीर आहे का हे विचारतं, आणि अलीकडे काय घडलं हेही: स्वतःला इजा करायला निघाला का, दुसऱ्यावर धावून गेला किंवा धाक घातला का, की स्वतःला सांभाळूच शकत नाही. म्हणून मी कागदावर तारखेसकट लिहून नेलं: 'रात्री २ वाजता विळी घेऊन आईच्या दाराशी उभा. झोप नाही. गोळ्या बंद. दारू चालू.' डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटंही सोबत घेतली. धोक्याचा अंदाज अशाच तपशिलावरून बांधता येतो, आजाराच्या नावावरून नाही. स्किझोफ्रेनिया या भास-संशयाच्या आजाराचे बहुतेक रुग्ण कुणावर हात उचलत नाहीत; आधीची मारहाण, नशा आणि सुटलेली औषधं एकत्र आली की मात्र सावध व्हावं.

घरातली विळी, कुऱ्हाड, फिनाइल आधीच हलवा. त्याच्या संशयावर वाद घालू नका, दार अडवून उभे राहू नका. आवरेनासा झाला तर ११२. पोलिसांनी त्याला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं. कलम १०० नुसार लॉकअपमध्ये ठेवता येत नाही.

नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मेडिकल आणि मेयो या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही मनोविकार विभाग आहेत. भरतीचा अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीने, म्हणजे रुग्णाने स्वतःच्या वतीने नेमलेल्या माणसाने, करायचा. भावाने कुणालाच नेमलं नसेल तर नातेवाइकाने. भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांत दोन आरोग्य व्यावसायिकांनी त्याला स्वतंत्रपणे तपासायला हवं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. गाडं अडतं ते यातल्या दुसऱ्या तपासणाऱ्याच्या सहीपाशी, म्हणून सकाळी ओपीडीच्या वेळेतच पोहोचावं. तेवढा वेळ नसेल तर कलम ९४ आहे: कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो, पण त्यात शॉक (विजेचे झटके) देता येत नाही.

कलम ८९ खालची भरती जास्तीत जास्त ३० दिवसांची. पुढे ठेवायचं तर कलम ९० खाली नव्याने तपासणी, तीही दोन मनोविकारतज्ज्ञांकडून. भरतीची खबर ७ दिवसांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला (अशा भरतीवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाला) जाते, स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत. मंडळाकडे भाऊ स्वतः अपील करू शकतो, आणि हे त्याला आपणच सांगितलं पाहिजे. साखळदंड पूर्ण बंद. हातपाय बांधले तर प्रतिनिधीला २४ तासांत कळवावं लागतं. न कळवल्यास लेखी विचारा.