डावा लावला की चारही लुकलुकतात

भाच्याची रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड आता थंडरबर्ड राहिलेली नाही. मागचं मडगार्ड कापलंय, सीट एकट्याची झालीय, हँडल खाली आलंय आणि मोठ्या दोन मीटरांच्या जागी मुठीएवढा एकच स्पीडोमीटर आहे. चॅसी मॅट काळ्या रंगात पावडर कोट केलेली. दिसते झकास, त्यात वाद नाही. पण ज्या गॅरेजने ती बनवली त्यांनी जुने चेंडूएवढे इंडिकेटर काढून बोटाएवढे एलईडी बसवले आणि वायरला वायर जोडून गाडी हातात दिली. दुसऱ्याच दिवशी फोन. "मामा, इंडिकेटर लागतो, पण लुकलुकत नाही. नुसता पेटून राहतो."

मी चाकणला मेंटेनन्समध्ये आहे. पॅनेल, रिले, सेन्सर हेच दिवसभर. त्यामुळे घरातल्या सगळ्या दुचाक्यांची वायरिंग आपसूक माझ्या वाट्याला येते.

इंडिकेटरला लुकलुकवतो तो फ्लॅशर. जुना फ्लॅशर म्हणजे डोकं नसलेली वस्तू. आत दोन धातूंची पट्टी असते. करंट गेला की ती तापते, वाकते, कॉन्टॅक्ट सुटतो. थंड झाली की परत चिकटते. तिला तापायला करंट हवा. एका बाजूचे १० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर मिळून साधारण १.७ अँपिअर घेतात. त्यांच्या जागी आलेले दोन एलईडी मिळून पाव अँपिअरसुद्धा घेत नाहीत. पट्टी कोमटही होत नाही, मग लुकलुकणार काय?

गॅरेजवाल्याने यावर दुसऱ्या एका गाडीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावून दिला. तो लुकलुकला, पण घाईघाईत, टकटकटकटक. हाही बिघाड नाही. असे बरेच फ्लॅशर लोड, म्हणजे दिवे किती करंट घेतात ते, मोजतात. एक बल्ब उडाला तर चालकाला कळावं म्हणून वेग वाढवायचा, ही त्यांची शिकवण. एलईडीचा करंट बघून त्याला वाटतं, बल्ब गेला. नियमात बसणारा वेग मिनिटाला ६० ते १२० वेळा. मोबाइलवर सेकंद लावून मोजता येतो, कानाने अंदाज घ्यायची गरज नाही.

इथे बहुतेक जण एलईडीला समांतर रेझिस्टर लावतात, म्हणजे तो बल्बएवढा करंट खातो आणि फ्लॅशर फसतो. ऑनलाइन सोनेरी ॲल्युमिनियमच्या खोक्यातले मिळतात, ६ ओम ५० वॅटचे. ते मोटारीच्या २१ वॅटच्या बल्बसाठी आहेत. गाडी चालू असताना १४ व्होल्ट धरले तर तो एकटा ३३ वॅटच्या आसपास खातो. वीज वाचवायला एलईडी लावायचे आणि वाचलेली वीज सीटखाली भाजणीला घालायची! टेप मारून वायरींच्या जुडग्याला बांधलेला असा रेझिस्टर मी वायरचं प्लॅस्टिक वितळवताना पाहिलाय. लावायचाच असेल तर एका १० वॅटच्या बल्बच्या जागी १५ ओमच्या आसपासचा पुरतो, आणि तो उघड्या धातूवर स्क्रूने बसवा. मी लावत नाही.

साधा उपाय म्हणजे लोड न मोजणारा एलईडी फ्लॅशर. पुण्यात नाना पेठेत सहज मिळतो. दोन पिनांचाही येतो, तीन पिनांचाही. तिसरी पिन अर्थिंगची, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी, कारण आतल्या सर्किटला स्वतःचा करंट लागतो आणि तो एलईडीतून पुरेसा मिळत नाही. पिनांचा क्रम मात्र प्रत्येक कंपनीचा वेगळा. अंगावर बी, एल, ई अशी अक्षरं कोरलेली असतात, ती वाचा. बी म्हणजे बॅटरीकडून येणारी, एल म्हणजे स्विचकडे जाणारी, ई म्हणजे अर्थिंग. जुना कपलर (वायरींचा प्लग) तसाच खुपसला आणि बी आणि ई उलटसुलट झाले तर फ्यूज तरी जाईल, नाहीतर फ्लॅशर.

फ्लॅशर बदलला. वेग छान झाला. भाच्याने डावा लावला आणि चारही लुकलुकायला लागले.

"हॅझर्ड फुकटात मिळाला की, मामा."

आता खरी गंमत इथे आहे, आणि इथेच लोक फ्लॅशरमागून फ्लॅशर विकत घेतात. फ्लॅशरचा काही संबंध नाही. दोष मीटरमधल्या त्या इवल्याशा हिरव्या दिव्याचा. या छोट्या मीटरांत डाव्या-उजव्यासाठी मिळून एकच दिवा असतो. त्याची एक वायर डाव्या लाइनला जोडतात, दुसरी उजव्या लाइनला. अर्थिंगला काहीच नाही. डावा लावला की करंट डाव्या लाइनमधून दिव्यात येतो, दिव्यातून उजव्या लाइनमध्ये जातो आणि उजव्या बाजूच्या बल्बमधून अर्थिंगला पोचतो. जुने बल्ब थंड असताना त्यांचा रेझिस्टन्स इतका कमी की एवढ्याशा करंटने त्यांची तार लालसुद्धा होत नाही. म्हणजे ते बल्ब गुपचूप अर्थिंगची वायर म्हणून काम करत होते. एलईडीला मात्र तेवढा करंट म्हणजे मेजवानी. तो पेटतो.

खात्री करायला पैसे लागत नाहीत. मीटरमागचा तो बल्ब होल्डरसकट उपसून काढायचा आणि डावा लावायचा. दोनच लुकलुकले, तर रोग सापडला. आणखी एक खूण: चारही लागत असताना मीटरमधला दिवा नेहमीपेक्षा मंद असतो. आणि मीटरमधला दिवाच एलईडी असेल, तर तो एकाच बाजूला लागेल, दुसऱ्या बाजूला नाही, कारण त्याच्यातून करंट एकाच दिशेने जातो.

औषध म्हणजे दोन डायोड, करंट एकाच दिशेने जाऊ देणारे. पासोड्या विठोबाजवळच्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात "चार हजार सात द्या" म्हटलं की १एन४००७ मिळतो. एक अँपिअरचा, काळा, एका टोकाला रुपेरी पट्टा. किंमत इतकी की दुकानदार दोनच घेतले तर तोंडाकडे बघतो, म्हणून दहा घ्यायचे. मीटरच्या दिव्याच्या दोन्ही वायरी लाइनमधून सोडवायच्या. एक डायोड डाव्या लाइनला, एक उजव्या लाइनला. दोघांची पट्ट्याकडची टोकं एकत्र पिळून दिव्याच्या एका वायरला जोडायची. दिव्याची दुसरी वायर सरळ अर्थिंगला. आता करंट दोन्हीकडून दिव्यात येऊ शकतो, पण इकडून तिकडे ओलांडू शकत नाही.

डायोडचे पाय कडक असतात आणि ही जागा हेडलाइटच्या डब्यात, जिथे सतत थरथर. नुसतं पिळून टेप मारली तर पाय तुटतो. सोल्डर करा, प्रत्येक पायावर वेगळी हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी), मग दोघांवर मिळून एक मोठी.

भाचा खूश. मी खूश नव्हतो, कारण मागचा उजवा बाकीच्यांपेक्षा फिका वाटत होता आणि सायलेन्सरच्या कंपनाबरोबर मिचमिचत होता. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवला, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन त्या इंडिकेटरच्या काळ्या, म्हणजे अर्थिंगच्या वायरला. इंडिकेटर चालू असताना इथे शून्याच्या जवळपास दिसायला हवं. मल्टिमीटर तीन आणि चार व्होल्टच्या मध्ये नाचत होता. वायरच्या टोकाचा लग चॅसीच्या पावडर कोटवर स्क्रूने आवळलेला. पावडर कोट म्हणजे भाजून चिकटवलेलं प्लॅस्टिकच, करंट जाणार कुठून? जेवढा जात होता तो स्क्रूच्या आट्यांतून.

कोटिंग खरवडायला भाचा तयार नव्हता. (पैसे त्याने भरलेत, त्याचंही बरोबर आहे.) मग चारही इंडिकेटर, टेललॅम्प आणि मीटर यांच्यासाठी बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक वेगळी काळी वायर ओढली. कस्टम गाडीला हे पहिल्या दिवशीच करायला हवं. चॅसीवर भरवसा कारखान्यातून आलेल्या गाडीत ठेवायचा.

सगळं बंद करण्याआधी हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून इंडिकेटर तपासा. हँडल बदललं की वायरी कमी पडतात आणि टाकीखाली ताणल्या जातात. पावसाळ्यापूर्वी इंडिकेटरच्या मागचं वायरीचं भोक सिलिकॉनने बुजवा.

आता भाच्याला ते पळणारे इंडिकेटर हवेत, आतून बाहेर रेघ सरकत जाणारे. प्रत्येक वेळी करंट आला की ती रेघ पहिल्यापासून सुरू होते. फ्लॅशरचा वेग जास्त असेल तर टोकाला पोचण्याआधीच तुटते. म्हणून या वेळी वेग बदलता येणारा फ्लॅशर आण म्हटलंय, बाजूला छोटा स्क्रू असतो तो. आणि रंग पिवळाच घे. निळे-पांढरे आणलेस तर मी बसवून देणार नाही.