गुऱ्हाळाचा वास

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं छोटं गॅरेज आहे. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी एक निवृत्त गुरुजी त्यांची मारुती ८०० घेऊन आले. १९९७ चं मॉडेल, कार्बोरेटरचं, तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन. गाडी अशी ठेवलेली की बोनेट उघडताना आधी हात पुसावेत. तक्रार एकच. पाणी कमी होतं आणि जातं कुठं ते दिसत नाही. पन्हाळ्याला जाऊन आलं की लिटरभर ओतावं लागतं, खाली मात्र थेंब नाही.

दोन गॅरेजं करून झाली होती. एकानं रेडिएटर बदलला. दुसऱ्यानं होज पाइप आणि वॉटर पंप बदलला, तरी पाणी जातंय म्हटल्यावर ‘हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागणार’ असं सांगून टाकलं. खर्चाचा आकडा ऐकून घरचे गाडी काढून टाका म्हणत होते. “लेकीची पाठवणी ह्या गाडीतनं केली हो,” गुरुजी एवढंच म्हणाले.

मला राग येतो तो इथंच. गळती डोळ्यांनी बघितल्याशिवाय पार्ट बदलायचा म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशानं अंदाज बांधायचा.

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ओतीव सांगाडा, अर्थात ब्लॉक, आणि त्यावरचं हेड यांच्या मधली पातळ पट्टी; ती गेली की पाणी ऑइलात नाहीतर सिलिंडरात शिरतं. तेच आधी तपासलं. ऑइल दुधाळ नव्हतं. रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते. तिन्ही स्पार्क प्लग काढून ओळीनं मांडले. सिलिंडरात पाणी शिरत असेल तर त्या सिलिंडरचा प्लग वाफेनं धुतल्यासारखा निघतो. इथं तिन्ही सारखेच, फिकट तपकिरी. गॅस्केट शाबूत होतं.

मग विचारलं, “गुरुजी, कसला वास येतो का?”

“येतो की, गुळाचा. पण आता गुऱ्हाळं लागलीत, रस्त्यानं यायचाच.”

“घरात आणून लावल्यावर?”

ते जरा थांबले. “शेडात लावली की जास्त येतो.”

शेडात कुठलं गुऱ्हाळ? रेडिएटरच्या पाण्यात घालतात ते कूलंट तापलं की त्याचा वासही तसाच गोडसर असतो. म्हणजे पाणी इंजिनाच्या आत जात नव्हतं, बाहेरच कुठंतरी येत होतं आणि खाली पडायच्या आधी गरम लोखंडावर वाळत होतं. गाडी गरम असताना बघणाऱ्याला ते सापडणारच नव्हतं. म्हटलं, “गाडी रात्रभर इथंच राहू दे.”

सकाळी इंजिन गार पडलेलं. रेडिएटरच्या टोपणाच्या जागी प्रेशर टेस्टर बसवला आणि हातपंपानं ०.९ किलो दाब भरला, टोपण जेवढा धरतं तेवढाच. दहा मिनिटांत काटा ०.७ वर. खाली कोरडं. टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरांकडं असतो तसला दांडीचा आरसा घेऊन ब्लॉकच्या मागच्या बाजूला, हात जात नाही तिथं, एकेक बोट जागा बघत गेलो. एका डमी प्लगच्या कडेला हिरवट-पांढरी पापडी दिसली. आरसा तसाच धरून राहिलो. पापडीतून टाचणीच्या टोकाएवढा थेंब आला, हळूहळू फुगला, लकाकला आणि ओघळला. मागोमाग दुसरा. पोराला हाक मारली, “हे बघ, आयुष्यभर लक्षात ठेव.”

डमी प्लग म्हणजे ब्लॉकच्या भोकात ठोकून बसवलेली पत्र्याची वाटी. ही भोकं का असतात ते कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. इथं घरटी कुणीतरी फौंड्रीत आहे. ब्लॉक ओतताना आत पाण्याच्या वाटेसाठी वाळूचा कोअर ठेवतात. ओतकाम झाल्यावर ती वाळू याच भोकांतून काढतात आणि मग ती बंद करतात. गुरुजींनी कित्येक वर्षं बोअरचं पाणी ओतलं होतं, कूलंट घातलं ते नव्या रेडिएटरबरोबर पहिल्यांदाच. बर्फ पडत नाही तिथं कूलंट कशाला, असं पुष्कळांना वाटतं. पण त्यातलं गंजरोधक आपल्याकडंही तेवढंच लागतं. ते नसेल तर पत्रा आतून गंजत जातो. बाहेरून काही कळत नाही.

दुरुस्ती त्या मानानं सरळ. कूलंट डब्यात काढून आधी झाकून ठेवलं. ते गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि त्यानं मरतात, आणि आमच्या दारात दोन असतात. वाटेतलं सामान उतरवलं, प्लगच्या एका कडेला पंच लावून हलके ठोके दिले. वाटी भोकात आडवी झाली की पक्कडीनं धरून ओढायची. सरळ आत ठोकली तर ती ब्लॉकमध्ये पडते आणि मग दिवस जातो. बाहेर आलेली वाटी उजेडाकडं धरली तर कडेला तीन भोकं, चाळणीसारखी. मागून चहाच्या चोथ्यासारखा गंजाचा गाळ आला. पाणी स्वच्छ येईपर्यंत ब्लॉक धुतला. बाकीचे प्लगही त्याच पाण्यात मुरलेले, म्हणून सगळे बदलले. बैठक पॉलिश पेपरनं घासून सीलंटचा पातळ थर दिला, मापाचा सॉकेट लावून सरळ ठोकले. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. टोपण उघडं ठेवूनच गार इंजिन सुरू केलं आणि हवा निघू दिली.

इंजिन गार झाल्यावर पुन्हा टेस्टर लावला. ०.९ वर अर्धा तास काटा हलला नाही. सगळे प्लग मिळून जेवढ्याला आले, तेवढ्यात एक होज पाइपही आला नसता. बिल काय ते मजुरीचं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना शेजारी बसवून पन्हाळ्याला गेलो. चढावर ते तापमानाच्या काट्यावरची नजर काढेनात. वर पोचल्यावर खाली उतरून बोनेटपाशी वाकले, डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाले, “काहीच नाही.”