वारा पडलेले जहाज

दुपारी पावणेतीनच्या सुमारास गोव्यात कोणी कोणाच्या दाराची घंटा वाजवत नाही. दुकानांची शटरे खाली असतात, हुमण-भाताची गुंगी डोळ्यांवर असते आणि तातडीचे कामही चार वाजेपर्यंत तातडीचे राहत नाही. अशा पवित्र वेळी आमच्या फोंड्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावरचा मुलगा गिटार घेऊन बसला आणि एकच सुरावट पुनःपुन्हा वाजवू लागला. ठरावीक जागी तो अडखळे, थांबे आणि पहिल्यापासून सुरू करी. वर जाऊन त्याला दोन शब्द सुनवावेत म्हणून मी उठलो, पण जिना चढण्याआधीच सुरावट ओळखीची निघाली. आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडचे ‘फिअर ऑफ द डार्क’. गाणे १९९२ सालचे. हा मुलगा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी जन्मलेला. मी परत येऊन आडवा झालो. झोप मात्र गेली ती गेलीच.

हा बँड आमच्या गावात आला तो एका तारवट्याच्या पेटीतून. माझ्या वर्गमित्राचा थोरला भाऊ बोटीवर होता, आणि सुट्टीवर येताना तो साबण, चॉकलेटे आणि सिगारेटी यांच्याबरोबर कॅसेटी आणत असे. मूळ कॅसेटला आम्हां पोरांनी हात लावायचा नाही, असा त्याचा दंडक होता. फारच गयावया केल्यावर त्याने ‘पॉवरस्लेव्ह’ हा १९८४ सालचा आल्बम आम्हांला उतरवून दिला, तोही घरातल्या एका जुन्या कांतारांच्या, म्हणजे कोकणी गाण्यांच्या, कॅसेटवर. त्या आल्बममधले शेवटचे गाणे कोलरिजच्या १७९८ सालच्या ‘द राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ या दीर्घ काव्यावर बेतलेले आहे आणि ते तेरा मिनिटांहून मोठे आहे. खलाशी पक्ष्याला मारतो, वारा पडतो, जहाज भर समुद्रात हलेनासे होते, आणि त्याबरोबर गाणेही हळूहळू थांबते. लाकडाची करकर तेवढी ऐकू येत राहते. मित्राच्या भावाला वाटले, गाणे संपले. त्याने बटण दाबले. त्यामुळे आमच्या कॅसेटवर जहाज थांबले की खट् असा आवाज येई आणि पुढच्याच क्षणाला ट्रम्पेटसह एक कोकणी कांतार अर्ध्या ओळीपासून जोरात सुरू होई. आमचे कोलरिजचे काव्य कितीतरी दिवस असेच संपत होते. पुढे सीडीवर ते गाणे पूर्ण ऐकले, तरी कान त्या जागी ट्रम्पेटची वाट पाहतच राहिला.

मेडन मार्च २००७ मध्ये भारतात पहिल्यांदा बंगळूरला आले, तेव्हा मला घरातून निघणे शक्य झाले नाही. त्याविषयी अधिक लिहीत नाही. पुढच्याच वर्षी, १ फेब्रुवारी २००८ रोजी, त्यांच्या जगभरच्या नव्या दौऱ्याची सुरुवात मुंबईतून होणार असे जाहीर झाले आणि मी कोकणकन्येचे तिकीट काढले. गोव्याबाहेरच्या लोकांना वाटते की गोव्यात राहणाऱ्या माणसाच्या अंगणात रोज कोणी ना कोणी गातच असते. नाही म्हणायला शिवोलीचे गायक रेमो फर्नांडिस आमचे होते, आणि कांदोळीच्या किनाऱ्यावर सनबर्न महोत्सव नुकताच सुरू झाला होता. पण सनबर्न हा सगळा इलेक्ट्रॉनिक संगीताचा मामला. ज्याला गिटारीची भूक आहे त्याने रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठावी, हेच खरे.

मुंबईत मामांकडे उतरलो. मामा नाट्यसंगीतात आणि खयालात मुरलेले. माझा काळा टी-शर्ट आणि त्यावरचा दात विचकणारा एडी, म्हणजे मेडनचे ते भुतासारखे बोधचित्र, पाहून ते म्हणाले, “केसरबाई केरकरांच्या तालुक्यातला तू, आणि हा आरडाओरडा ऐकायला रात्रभर गाडीत बसून आलास?” मी म्हणालो, “मामा, १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी तबकडी अंतराळात पाठवली, तिच्यावर आपल्या केरीच्या केसरबाईंची भैरवी आहे, आणि त्याच तबकडीवर चक बेरीचे रॉक अँड रोलही आहे.” मामांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, “ती यानं परत यायची नाहीत ना? मग हरकत नाही.” मामीने मात्र निघताना माझ्या खिशात कापसाचे दोन बोळे सारले.

वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर संध्याकाळी धूळ उडत होती. बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन हा पेशाने वैमानिकही होता. बँड, त्यांची माणसे आणि सारे सामान एका बोइंग ७५७ विमानात भरून ते विमान स्वतः चालवत तो मुंबईला आला होता, ही गोष्ट रांगेतला प्रत्येक जण दुसऱ्याला नव्याने सांगत होता आणि ऐकणाराही नव्याने ऐकत होता. अंधार पडल्यावर सामानावरची आच्छादने निघाली, तेव्हा १९८४-८५ च्या दौऱ्यातला तोच इजिप्शियन थाट रंगमंचावर उभा होता. त्या थाटाची छायाचित्रे मी मित्राच्या भावाच्या कॅसेटच्या घडीच्या कागदावर, बोटाच्या पेराएवढ्या आकारात पाहिली होती. कडांना लागलेल्या बोटांच्या डागांसकट ती मला पाठ होती. आता तो सगळा डोलारा प्रत्यक्ष समोर होता, आणि खरे सांगायचे तर मला तो थोडा लहान वाटला.

मग चर्चिलचे भाषण सुरू झाले. ‘एसेस हाय’ या गाण्याआधी त्याचे जून १९४० मधले भाषण लावण्याची मेडनची प्रथा आहे, आणि १९८५ सालच्या ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ या आल्बमची सुरुवातही त्यानेच होते, म्हणून मैदानातल्या साऱ्यांना ते तोंडपाठ होते. ज्या गृहस्थाला हिंदुस्थानविषयी तिळमात्र प्रेम नव्हते, त्याची वाक्ये मुंबईच्या मैदानात पुण्याची, केरळची, नागालँडची पोरे मुठी वळून त्याच्याबरोबर म्हणत होती, आणि ‘आम्ही कधीही शरण जाणार नाही’ या वाक्याला तर असा गजर झाला की साहेब स्वतः गोंधळून गेले असते. मीही ओरडलो. आम्हां गोंयकारांचे चर्चिलशी फारसे वाकडे नाही. आमच्या वाट्याला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार आला होता, आणि त्याची भाषणे सुदैवाने कोणत्याही बँडने लावलेली नाहीत.

पहिली काही गाणी मी नीट ऐकलीच नाहीत. आवाजामुळे नव्हे, तर गती चुकल्यासारखी वाटत होती म्हणून. आमच्या घरच्या टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा सैल झालेला होता, त्यामुळे त्यातून येणारे प्रत्येक गाणे किंचित संथ आणि खालच्या पट्टीत येई, आणि माझ्या लेखी तीच त्या गाण्याची खरी चाल होती. हे लोक मुळातच रंगमंचावर अधिक वेगाने वाजवतात. स्टीव्ह हॅरिसने, म्हणजे ज्याने १९७५ मध्ये हा बँड उभा केला त्याने, बेसवर बोटे धावडवायला सुरुवात केली की मला दम लागे. गाणे पुढे निघून जाई आणि मी मागे राही. शिवाय मला आल्बममधली गाणी त्याच क्रमाने ऐकायची सवय. एक संपले की दुसऱ्याची सुरुवात मनात आपोआप वाजते, आणि येथे दर वेळी भलतेच सुरू होत होते. आजही फोनवर कोणी गाणी उलटसुलट क्रमाने लावली की माझा जीव वरखाली होतो. घरातली मंडळी याला विक्षिप्तपणा म्हणतात.

पण खरा धक्का निराळाच होता. ‘फिअर ऑफ द डार्क’ सुरू झाले आणि गिटारीची ती सुरावट, जिला शब्दच नाहीत, हजारो माणसे एका सुरात गाऊ लागली. माझ्या शेजारी चष्मा लावलेला, हाफिसातून थेट आलेला, गळ्यात अजून ओळखपत्र लटकत असलेला एक इसम डोळे मिटून प्रत्येक स्वर अचूक म्हणत होता. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो राग, अगदी लहान मुलाला येतो तसा. ही सुरावट माझी होती. पावसाळ्यात दारे बंद करून, आजी झोपल्यावर, आवाज अगदी बारीक ठेवून ऐकलेली. या ओळखपत्रवाल्याला ती कोणी दिली? आमच्या सबंध गावात मेडन ऐकणारे दोघेच होतो, आणि त्या दोघांच्या हिशेबाने जगातही फार तर आणखी दहा-बारा असावेत. एवढी माणसे हे गाणे आपापल्या खोल्यांत एकेकटी ऐकत होती, हे मान्य करायला मला ते गाणे संपेपर्यंतचा वेळ लागला.

तेव्हा, त्या धुळीत, मला अचानक जत्रा आठवली. आमच्या गावच्या देवळासमोर जत्रेच्या रात्री मराठी संगीत नाटक होई. नट गावचेच, दुपारी दुकानात गूळ जोखणारा माणूस रात्री राजा होऊन येई आणि त्याच्या मुकुटाखाली कानामागे पेन्सिल राहिलेली आम्हांला दिसे. पडदा वर जायलाच मध्यरात्र उलटे, त्यामुळे आम्ही मुले चटईवर आजीच्या पायांशी झोपून जात असू. संवाद, युद्धे, शाप, सारे आमच्या झोपेवरून निघून जाई. आजी त्यासाठी कोणाला उठवत नसे. पण ठरावीक जागा जवळ आली की ती खांद्याला धरून हलवी आणि म्हणे, “ऊठ, पद आले.” पेटीवाला अजून स्वर धरत असे, पद सुरू व्हायचेच असे. सगळी बायामाणसे सावरून बसत, पानाचे डबे मिटत, आणि पहिल्या रांगेतला एक म्हातारा राजाच्या आधी एक अक्षर म्हणत पुढे चाले. वन्समोअर मिळे, मग दुसरा मिळे, आणि मरणोन्मुख राजा पुन्हा उठून पुन्हा गाऊन पुन्हा मरे. आजी त्या पदाला ‘माझे पद’ म्हणत असे. पलीकडे बसलेली तिची जाऊही म्हणत असे. त्यावरून दोघींचे कधी भांडण झालेले मला आठवत नाही.

‘राइम’ त्यांनी त्या रात्री वाजवले, पूर्ण वाजवले. जहाज थांबले, दिवे मंदावले, बेसचे सुटे स्वर तेवढे राहिले, आणि मी खांदे आखडून ट्रम्पेटची वाट पाहू लागलो. ती सवय इतकी जुनी की शहाणपण तिच्यापुढे चालत नाही. ओळखपत्रवाल्याने माझ्याकडे वळून पाहिले आणि काही न बोलता पाण्याची बाटली पुढे केली. मला भोवळ येते आहे असे त्याला वाटले असावे. मी दोन घोट प्यायलो. मग तिन्ही गिटारी एकदम उसळल्या, जहाज निघाले, आणि कांताराचा पत्ता नव्हता. पुढे ड्रमच्या मागून प्रचंड ममी वर आली, लोक वेडे झाले, माझा आवाज बसला, हे सगळे यथास्थित झाले. मामीचे कापसाचे बोळे खिशातच राहिले. मामांनी सकाळी काही विचारले तेव्हा मी हातवारे करून उत्तर दिले.

माझा तो मित्र त्या वेळी मुंबईला नव्हता. पोर्तुगीज पासपोर्ट करून तो इंग्लंडला गेला होता, स्विंडनला, जिथे आमच्याकडची इतकी माणसे आहेत की चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचे सामानही मिळते, असे तो सांगतो. कार्यक्रमानंतर त्याला फोन केला तेव्हा त्याने बाकी काहीच विचारले नाही. त्या जागी काय झाले एवढेच विचारले. काही झाले नाही, गाणे पुढे गेले, असे मी सांगितले. तो हसला आणि नंतर बराच वेळ गप्प राहिला. फोनचे पैसे त्याचेच जात होते.

२०२५ च्या २८ जूनला मेडन लंडनमध्ये वाजवणार होते. बँडला पन्नास वर्षे झाल्याचा दौरा. जुना ड्रमर निको मॅकब्रेन याने दौरे थांबवलेले, ड्रमवर नवा माणूस. स्विंडनहून लंडन गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे, म्हणून मी त्याला आठवड्याभराआधी फोन करून म्हटले, आता तरी जा. “शनिवारी ओव्हरटाइम असतो रे,” तो म्हणाला, आणि मग त्याने त्याच्या बंद घराची कौले पावसाआधी कोणी पाहिली होती का, ते विचारले. कोणी पाहिली नव्हती. मी माणूस पाठवतो म्हणालो.